परिचारिकेच्या नोकरीचा अर्ज

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी मला बोलावयास सांगितले तेव्हा मला वाटले, उन्हाळी वाळवणांवर नाही तर दिवाळीच्या फराळावर बोलावयाचे असेल. विषय ऐकला आणि हसूच आले. नर्सच्या नोकरीचा अर्ज कसा करावा, हे सातवी झालेल्या बाईने सांगावयाचे! पण त्यांचे म्हणणे असे पडले की, आपल्या भागातल्या मुली अर्जाचे कागद घेऊन ज्या घराची पायरी चढतात ते घर तुमचे, तेव्हा तुम्हीच बोला. त्यावर मला उत्तर सुचले नाही.

खरे तर त्या मुली माझ्याकडे येत नाहीत, आमच्या वन्संकडे येतात. वन्संनी तीस वर्षे रुग्णालयात काढली. अधिपरिचारिका म्हणून लागल्या, वॉर्डाच्या परिसेविका होऊन निवृत्त झाल्या आणि आता आमच्याकडेच असतात. नोकरीत असताना नवीन भरतीचे अर्ज आले की चाळण्यासाठी ते त्यांच्या टेबलावर यावयाचे. आता त्यांची नजर अधू झाली आहे. म्हणून मुलगी वाचते, वन्सं ऐकतात, मध्येच प्रश्न विचारतात, आणि मराठीतला कच्चा खर्डा मी लिहून काढते. मग ती मुलगी किंवा तिचा भाऊ त्याचे इंग्रजी करून घेतो. अशी आमची तिघींची कचेरी चालते. तेव्हा मी जे सांगणार आहे त्यात शहाणपण वन्संचे आहे, अक्षर तेवढे माझे.

मिरजेत राहणाऱ्यांना नर्स म्हणजे काय हे सांगावयास नको. डॉक्टर वॉनलेस यांचे रुग्णालय इथे १८९४ साली उभे राहिले, सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९६२ साली आले. आज या गावात ज्या घराला दवाखान्याची पाटी नाही त्या घरात निदान एक माणूस तरी दवाखान्यात कामाला आहे. पण म्हणून या पेशाला मान होताच असे नाही. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन काढले आणि विधवा व गरजू बायकांना परिचारिकेचे शिक्षण घेण्यासाठी ससून रुग्णालयात पाठविले, तेव्हा लोकांनी पुष्कळ नावे ठेवली. परक्या पुरुषांना हात लावावयाचा, रात्री घराबाहेर राहावयाचे, हे त्या लोकांना सोसवेना. आता नावे ठेवणारे कमी झाले आहेत. मात्र रात्रपाळी म्हटली की अजूनही सासूबाईंच्या कपाळाला आठी पडते, हे आपण सगळ्या जाणतो. त्याकडे मी पुढे येणार आहे.

आधी थोडे शिक्षणाविषयी, कारण आपल्यापैकी पुष्कळ आयांना मुलगी 'नर्सिंग करते' एवढेच ठाऊक असते. ए.एन.एम. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. जी.एन.एम. तीन वर्षांचा. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे, आणि त्याला बारावीला शास्त्र शाखा लागते. यांपैकी कोणतेही केले तरी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी झाल्याशिवाय मुलगी परिचारिका म्हणून काम करू शकत नाही, आणि ती नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करून घ्यावी लागते. हल्ली गल्लोगल्ली सहा महिन्यांचे नर्सिंग शिकविणारे वर्ग निघाले आहेत. तिथे जाऊन रुग्णाची सोबत करता येईल, पण परिषदेची नोंदणी मिळत नाही. पैसे भरण्याआधी एवढे तरी विचारावे.

आता अर्जाकडे वळते.

अर्ज कसे चाळले जातात हे वन्संनी मला सांगितले तेव्हा मला आपल्या भाजीबाजाराची आठवण झाली. आपण वांगी निवडताना प्रत्येक वांग्याशी का बोलत बसतो? हात फिरतो आणि बरे दिसेल ते बाजूला पडते. तिथेही तसेच. जागा दोन आणि अर्जांचा गठ्ठा हातभर उंच. वॉर्डात माणसे कमी, म्हणून तर भरती काढलेली; तेव्हा अर्ज वाचणारी बाईही पाळी सांभाळून मधल्या वेळात वाचणार. तिची नजर चार-पाच गोष्टी शोधीत असते. शिक्षण कोणते, परिषदेची नोंदणी आहे का आणि तिची मुदत कधीपर्यंत, कोणत्या वॉर्डात किती काळ काम केले, आणि कामावर कधी हजर होईल. हे अर्ध्या मिनिटात सापडले नाही की कागद गठ्ठ्याच्या तळाशी जातो. त्यात कुणाचा दुष्टपणा नसतो.

आणि मुली काय लिहून आणतात? "मी मेहनती, प्रामाणिक व शिस्तप्रिय असून मला सेवेची आवड आहे." दहा मुलींचे अर्ज घ्या, दहांतही हेच वाक्य. संगणकाच्या दुकानात एक नमुना तयार असतो; दुकानदार नाव बदलतो आणि पैसे घेतो. वन्सं म्हणतात, "मी आळशी आहे असं लिहिलेला अर्ज मला तीस वर्षांत एकदाही आला नाही!" मग ज्या वाक्याने कुणाचाच कुणापासून वेगळेपणा कळत नाही ते लिहावयाचे कशाला?

दुसरा प्रकार आपल्या मराठी मुलींत फार. घरची परिस्थिती हलाखीची आहे, वडील आजारी आहेत, धाकट्या भावाचे शिक्षण आहे, तरी मेहेरबान होऊन नोकरी द्यावी, ही विनंती. हे सारे खरे असते आणि ऐकून पोटात तुटते. तरीही ते अर्जात नको. अर्ज वाचणाऱ्या बाईला एकच गोष्ट ठरवावयाची असते: रात्री दोन वाजता वॉर्डातले तीस रुग्ण हिच्या हवाली करावेत की नाही. आपल्या गरिबीवरून तिला ते कसे ठरविता येईल? ते ठरते आपण आजवर काय केले त्यावरून. दूधवाल्याला आपण पैसे देतो ते कॅलेंडरावरच्या खुणा मोजून, तो बिचारा किती लांबून येतो ते ऐकून नव्हे.

या जागी मी आमच्या मागच्या आळीतल्या एका सुनेची हकीकत सांगते. नाव सांगत नाही. सभेत सांगू का म्हणून तिला विचारले आहे, आणि तिने हो म्हटले आहे.

तिचे जी.एन.एम. झालेले. लग्नाआधी २०१४ ते २०१७ अशी तीन वर्षे एका खाजगी इस्पितळात नोकरी केली. मग लग्न, दोन मुले, सासरे अंथरुणाला खिळलेले, असे करीत सात वर्षे घरातच गेली. त्यात नवऱ्याचे कुपवाडच्या कारखान्यातले काम सुटले. घरभाडे थकले, थोरल्याच्या शाळेची फी राहिली. हिने अकरा ठिकाणी अर्ज केले आणि एकाही ठिकाणाहून साधे उत्तर आले नाही. "काकू, आता भांडी घासायचं काम बघते," असे म्हणत ती आमच्याकडे आली. सोबत अर्ज होता, तो तसाच. मेहनती, प्रामाणिक, शिस्तप्रिय. खाली एक ओळ, 'तीन वर्षांचा अनुभव'.

वन्संनी तो बाजूला ठेवावयास सांगितला आणि विचारले, "सकाळी वॉर्डात पाऊल टाकलंस की पहिल्यांदा काय करायचीस?"

"रात्रपाळीच्या सिस्टरकडून ताबा घ्यायचा. एकेका पेशंटजवळ उभं राहून."

"किती पेशंट?"

"तीस खाटा होत्या. सगळे ऑपरेशनचे."

"आणि रात्री तुम्ही किती जणी?"

"दोघी. एखादी रजेवर असली की मी आणि आयाबाई."

मग ती बोलतच सुटली. ऑपरेशनहून आलेल्या माणसाची नाडी आणि रक्तदाब पहिल्या तासात दर पंधरा मिनिटांनी पाहावयाचा. रक्त लावावयाचे तर दोघींनी मिळून पिशवीवरचा क्रमांक आणि रक्तगट ताडून पाहावयाचा आणि पहिली पंधरा मिनिटे त्या माणसाजवळून हलावयाचे नाही. साखरेच्या रोग्याची साखर तपासल्याशिवाय इन्सुलिन टोचावयाचे नाही. सलाईन, कॅथेटर, नाकातली नळी, जखमांची ड्रेसिंगे, मधुमेह्यांच्या पायाच्या जखमा. एका रात्री एक माणूस उगीच तळमळत होता, नाडी जलद लागली होती, वरून पट्टी कोरडी दिसत होती. हिने पाठीखाली हात घालून पाहिले तर चादर ओली. तिने डॉक्टरांना उठविले, आणि पंधरा मिनिटांत त्या माणसाला परत ऑपरेशनच्या खोलीत नेले.

मी लिहिता लिहिता थांबले. म्हटले, "अगं, यातलं अर्जात काहीच कसं नाही?"

ती म्हणाली, "त्यात काय लिहायचं काकू? सगळ्याच करतात की."

भगिनींनो, हे वाक्य मी त्यानंतर कितीतरी मुलींच्या तोंडून ऐकले. आणि आपल्या तोंडी तरी दुसरे काय असते? चौघांचा स्वयंपाक, धुणीभांडी, आजाऱ्याचे पथ्यपाणी करून आपण म्हणतो, 'मी काही करीत नाही, घरीच असते.' बाईला आपले काम मोजावयाची सवय नाही. ते मोजून मांडणे म्हणजे बढाई, असे आपल्याला वाटते. पण अर्ज हा कामाचा हिशेब आहे, आणि हिशेबात आकडे लागतात.

ज्या बाईच्या जन्मदिवशी, १२ मे रोजी, जगभर परिचारिका दिन पाळतात त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची हातात दिवा घेतलेली तसबीर आपण पाहिली आहे. पण क्रिमियाच्या लढाईहून परत आल्यावर त्यांनी जी झुंज दिली ती आकड्यांनी दिली. शिपाई जखमांनी मेले त्यापेक्षा कितीतरी अधिक घाणीमुळे फैलावलेल्या रोगांनी मेले, हे त्यांनी सरकारला आकृत्या काढून दाखविले. त्या कामामुळे १८५८ साली लंडनच्या संख्याशास्त्राच्या सभेने त्यांना सभासद करून घेतले; त्या सभेच्या त्या पहिल्याच स्त्री सभासद. ही गोष्ट मला वन्संनी सांगितली. दिव्याइतकी ती प्रसिद्ध का नाही, याचे मला नवल वाटते.

तर आम्ही तिचा खर्डा असा केला. "मी जी.एन.एम. असून महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे माझी नोंदणी आहे. २०१४ ते २०१७ या काळात ३० खाटांच्या शस्त्रक्रिया विभागात तिन्ही पाळ्यांत काम केले. रात्रपाळीत दोन परिचारिकांपैकी एक म्हणून संपूर्ण वॉर्डाची जबाबदारी सांभाळली. शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांवर देखरेख, रक्त देणे, इन्सुलिन, कॅथेटर व मधुमेही जखमांची ड्रेसिंग ही कामे नियमाने केली. रुग्णाच्या प्रकृतीतील बिघाड वेळीच ओळखून डॉक्टरांना कळविण्याचा अनुभव आहे." खाली नोंदणीचा क्रमांक आणि मुदत. संपले. त्या ओल्या चादरीच्या रात्रीचे 'मी एकाचा प्राण वाचविला' असे लिहावे असे माझ्या मनात होते. वन्संनी ते काढावयास लावले. त्या म्हणाल्या, "वहिनी, तसं लिहिलं की वाचणारी बाई हसते. शेवटची ओळ आहे तेवढी पुरे. तिने मुलाखतीत विचारलं तर हिने सांगावं." आणि मुलाखतीत खरोखरच तेच विचारले.

सात वर्षांच्या खंडाचे काय करावयाचे, हा मोठा प्रश्न होता. संगणकाच्या दुकानदाराने तिला सल्ला दिला होता की २०१७ च्या जागी २०२३ घाला, कोण पाहतो! यासारखा घातक सल्ला नाही. जुन्या इस्पितळात एक फोन केला की सारे उघडे पडते, आणि ज्या पेशात औषधाची एकेक मात्रा खरी लिहावी लागते तिथे खोटे लिहिणारीला कोण ठेवील? आम्ही सरळ लिहिले, "२०१७ ते २०२४ कौटुंबिक जबाबदारीमुळे नोकरी केली नाही. या काळात नोंदणीचे नूतनीकरण केले आहे." पण हे दुसरे वाक्य लिहिण्यासाठी आधी तिला ते करावे लागले, कारण नोंदणीची मुदत टळून गेली होती. त्याला फी पडली, परिचारिकांच्या अभ्यासवर्गांना हजेरी लावल्याची नोंद लागली, आणि दीड-दोन महिने गेले. शिवाय तिने हृदय बंद पडल्यास करावयाच्या तातडीच्या उपचारांचे, ज्याला बी.एल.एस. म्हणतात, ते शिक्षण नव्याने घेतले. ज्या मुली मुलाबाळांसाठी घरी बसल्या आहेत त्यांना माझे सांगणे आहे की, नोकरी सोडा, पण नोंदणी सोडू नका. सोन्याची पाटली मोडावी, पण हे मोडू नये.

सासऱ्यांची तिने घरी केलेली शुश्रूषा लिहावी की नाही, यावर वन्संचे आणि माझे जुळले नाही. मला वाटे, तीन वर्षे अंथरुणावरच्या माणसाला पाठीला एक जखम होऊ दिली नाही, हे लहान काम आहे काय? वन्संचे म्हणणे, घरची सेवा रुग्णालयाच्या अनुभवात मिसळली की दोन्हींचे वजन कमी होते. शेवटी अनुभवाच्या सदरात न घालता खंडाच्या ओळीतच चार शब्द लिहिले. अजूनही मला ते थोडेच वाटतात.

आणि एक गंमत. खर्डा पुरा होत आला होता, इतक्यात तिच्या आईचा फोन आला. माहेर जत तालुक्यातले. ही जी घडाघडा कानडीत बोलू लागली, तशा पडून ऐकणाऱ्या वन्सं उठून बसल्या. "तुला कानडी येतं? मग अर्जात का नाही?" मिरजेच्या दवाखान्यांत अथणीकडून, चिकोडीकडून, विजापूरकडून माणसे येतात. म्हाताऱ्या बायांना मराठीचा शब्द कळत नाही. कुठे दुखते, हे सांगावयास त्या नातवाची वाट पाहत बसतात. अशा ठिकाणी कानडी बोलणारी परिचारिका म्हणजे केवढी सोय! आणि हिने भाषांच्या ओळीत लिहिले होते मराठी, हिंदी, इंग्रजी; कारण कानडी ती 'घरची भाषा'. आम्ही ते वरच्या बाजूला घेतले.

खर्डा झाला तरी एक ओळ मी अडवून धरली होती, 'तिन्ही पाळ्यांत काम करण्यास तयार'. ही ओळ अर्जात असली की अर्जाचे वजन वाढते, हे खरे. पण ती घरात बोलल्यावाचून लिहू नये. दोन ठिकाणी मी पाहिले आहे, मुलगी नोकरीला लागते, पहिली रात्रपाळी येते आणि घरात रणकंदन होते; महिन्याभरात नोकरी सुटते. मग तो महिन्याचा अनुभव पुढच्या अर्जात लिहिताही येत नाही आणि लपविताही येत नाही. म्हणून मी तिच्या सासूबाईंकडे गेले. आम्ही त्यांना आक्का म्हणतो. आक्का प्रथम बोलल्याच नाहीत. गहू निवडीत राहिल्या. मग म्हणाल्या, "रात्री पोरं माझ्याजवळ निजतील. पण सकाळचा डबा मी करणार नाही. डबा त्यांच्या बापानं करावा." मुलगा आतून ऐकत होता. तो काही बोलला नाही, पण आता डबा तोच करतो. पोळ्या जाड होतात, असे मुले सांगतात.

नव्या अर्जाने तिने चार ठिकाणी विचारणा केली, दोन ठिकाणांहून बोलावणे आले, आणि एका ठिकाणी ती लागली. पहिला महिना तिला दुसऱ्या परिचारिकेच्या हाताखाली ठेवले. आता रात्रपाळी घेते.

हे झाले अनुभव असलेल्यांचे. नुकत्याच पास झालेल्या मुली म्हणतात, आम्ही कशाचा हिशेब द्यावा? पण शिकत असताना त्यांनी वॉर्डात काम केलेले असतेच. कोणत्या विभागात किती आठवडे, बाळंतपणाच्या खोलीत काय काय केले, हे केसबुकात सहीशिक्क्यानिशी नोंदलेले असते. ते उघडून पाहावे आणि त्यातले लिहावे. एका मुलीने २०२० साली कोविड केंद्रात चार महिने कंत्राटावर काम केले होते आणि ते कंत्राटी म्हणून लिहिलेच नव्हते! ज्या दिवसांत आपण दाराच्या कड्या धुवून घेत होतो त्या दिवसांत ही मुलगी ऑक्सिजनवरच्या माणसांजवळ उभी होती. कंत्राटी असो की कायम, काम ते काम. दाखला मात्र जपून ठेवावा.

दाखल्यावरून आठवले. नोकरी सोडताना अनुभवाचा दाखला त्याच आठवड्यात घ्यावा, आणि त्यावर विभागाचे नाव व तारखा घालून घ्याव्यात. एका खाजगी इस्पितळाने आपल्याच भागातल्या एका मुलीची मूळ प्रमाणपत्रे नोकरीला लागताना ठेवून घेतली आणि सोडताना देईनात. शेवटी तिचे वडील आणि आपल्या मंडळाच्या दोघी जणी जाऊन बसल्या, तेव्हा तिसऱ्या दिवशी मिळाली. मूळ कागद दाखवावा, परत घ्यावा, देताना नक्कल द्यावी.

मग नावाचा घोटाळा. हा तर केवळ बायकांचाच. दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचे नाव, परिचर्या परिषदेत माहेरचे नाव, आधार कार्डावर सासरचे, बँकेत आणखी तिसरेच स्पेलिंग. सरकारी भरतीत तर कागदांचे नाव जुळले नाही की निवड झालेली मुलगीही पडताळणीत अडकते. नाव बदलले असेल तर लग्नाचा नोंदणी दाखला आणि राजपत्रात नावबदलाची जाहिरात, या दोन गोष्टी अर्जाच्या वेळी नव्हे, लग्नाच्या वर्षीच करून ठेवाव्यात. मुलीच्या लग्नात आपण रुखवताची एवढी काळजी करतो, त्यात ही एक घाला. आणि मुलीला नाव बदलावयाचेच नसेल तर उत्तमच. फार कटकट वाचते.

सरकारी जागांविषयी थोडेच सांगते. तिथे लिहून अर्ज करावयाचा नसतो. संगणकावर रकाने भरावयाचे असतात आणि पुढे परीक्षा असते. तिथे वाक्ये नाहीत, फक्त अचूकपणा. जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी. अधिवास, जातीचा दाखला, लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र, ज्याला जे लागू असेल ते, जाहिरातीत दिलेल्या तारखेच्या आतले असावे लागते. शेवटच्या दिवशी भरावयास बसू नये, कारण त्या दिवशी साऱ्या महाराष्ट्रातल्या मुली बसलेल्या असतात.

आणि कुणी 'नोकरी लावून देतो, इतके पैसे आणा' म्हणाला तर त्याला आत घेऊ नये. परदेशात पाठवितो म्हणणारे तर पुष्कळ निघाले आहेत. जर्मनीला, आखाती देशांना मुली जातात आणि चांगल्या राहतात, हे खरे. पण एजंटाला भारत सरकारचा परवाना आहे की नाही, हे परराष्ट्र खात्याच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर पाहता येते. ते पाहिल्यावाचून दागिन्याला हात लावू नये.

वेळ झाल्याची खूण चिटणीसबाई करीत आहेत. ज्या कुणाच्या मुलीचा, सुनेचा अर्ज करावयाचा असेल त्यांनी शनिवारी दुपारी तीननंतर आमच्याकडे यावे. त्या वेळी वन्संची झोप झालेली असते. येताना केसबुक, नोंदणीचा कागद आणि दाखले आणावेत, पण मूळ प्रती आणू नयेत, झेरॉक्स आणावी. आमच्या टेबलावर चहा सांडतो.